ठरवलेलं वजन, साचलेलं वजन

फेरलढतीच्या आदल्या दिवशी हेवीवेट बॉक्सर काट्यावर चढतो, तेव्हा नियमाच्या दृष्टीने तिथे फारसं काही घडत नसतं. खालच्या गटांतल्या बॉक्सरांचं तसं नाही. तिथे मर्यादेपेक्षा अर्धा पौंड जास्त भरला तरी किताब हातचा जाऊ शकतो, म्हणून ती मंडळी घाम काढून, पाणी तोडून, सुकून काट्यावर येतात आणि रात्रीतून पुन्हा भरतात. हेवीवेट गट आज २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९१ किलोंच्या, पुढे सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादाच नाही. त्यामुळे या गटातला आकडा नियमाने लादलेला नसतो, ज्याचा त्याने आणलेला असतो. फेरलढतीत तर तेच दोघे पुन्हा समोरासमोर असतात आणि मागचा आकडा तुलनेला हाताशी असतो. या तुलनेतून काय वाचायचं, यावर जुना वाद आहे. एका पक्षाला मी काटेवाले म्हणतो. ते कुणी एक गृहस्थ नव्हेत, पण त्यांचं म्हणणं प्रत्येक मोठ्या लढतीआधी ऐकू येतं आणि ते पोकळ नाही. म्हणून सुरुवात त्यांनीच करावी.

काटेवाले: तुम्ही उगाच गुंता करता. अँडी रुईझ आणि अँथनी जोशुआ घ्या, सगळं उघड आहे. १ जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रुईझ ऐनवेळचा बदली म्हणून उभा राहिला. त्याचं वजन २६८ पौंड, जोशुआचं जवळजवळ २४८. तिसऱ्या फेरीत रुईझ पडला, उठला, त्याच फेरीत त्याने जोशुआला दोनदा पाडलं, सातव्या फेरीत आणखी दोनदा, आणि रेफरीने लढत थांबवली. सहा महिन्यांनी, ७ डिसेंबरला, सौदी अरेबियातल्या दिरियामध्ये फेरलढत झाली. जोशुआ दहा पौंड उतरवून २३८ च्या आत आला होता. रुईझ २८४ च्या घरात, म्हणजे जवळपास १२९ किलो. बारा फेऱ्या जोशुआ डावा जॅब टाकत गोल फिरत राहिला आणि रुईझ त्याच्यामागून चालत राहिला. दोन जजनी ११८-११० दिले, तिसऱ्याने ११९-१०९. नंतर रुईझनेच कबूल केलं की तीन महिने मौजमजेत गेले. कोण हरणार, हे काट्याने आदल्या दिवशीच सांगितलं नव्हतं का?

मी: सांगितलं होतं. फक्त नेमकं काय सांगितलं, ते तुम्ही अर्धंच ऐकलंत. ‘जड आणि सुटलेला तो हरतो’ असं काट्याचं म्हणणं असतं, तर रुईझ जूनमध्येच हरायला हवा होता. तेव्हाही तो वीस पौंडांनी जड होता, पोट कमरपट्ट्यावरून ओघळत होतं, आणि समोर बांधेसूद अजिंक्य विजेता. तरी जिंकला रुईझ, कारण त्याचे हात जोशुआपेक्षा चपळ होते आणि जोशुआ त्या हातांच्या टप्प्यात थांबून हूकला हूकने उत्तर देत बसला. म्हणजे वजनाच्या रकमेत अर्थ नव्हता. डिसेंबरमधला अर्थ बदलात आहे, आणि तिथेही दोन बदल एका जातीचे नाहीत. टप्प्याबाहेर राहायचं, पाय थांबू द्यायचे नाहीत, १२ फेऱ्या कंटाळवाणं बॉक्सिंग करायचं, हे ठरल्यावर जोशुआला ते दहा पौंड नको होते. पहिल्या लढतीने त्याला एक प्रश्न घातला होता आणि घटलेलं वजन हे त्याचं उत्तर होतं. रुईझचे वाढलेले सोळा पौंड कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हते. ते अंगावर बसले, इतकंच. पहिल्याला मी ठरवलेलं वजन म्हणतो, दुसऱ्याला साचलेलं. काट्याला हा फरक कळत नाही, तो दोन्ही एकाच सुईने मोजतो. फेरलढतीचा निकाल वाचायचा असेल तर आकडा घटला की वाढला हे विचारण्याआधी तो कुणी, कशासाठी हलवला हे विचारायला हवं. माझं एवढंच म्हणणं आहे.

काटेवाले: शब्दांचा खेळ आहे हा. शेवटी उतरला तो जिंकला ना? आणखी एक घ्या. एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रॅकपनला लेनॉक्स लुईस २५३½ पौंडांवर आला आणि हासिम रहमानने पाचव्या फेरीत एका उजव्या ठोशात त्याला झोपवलं. नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला लेनॉक्स २४६½ वर आला आणि चौथ्या फेरीत रहमान झोपला. सात पौंड उतरवले, किताब परत आला. शरीरशास्त्रही हेच सांगतं. जास्तीचा प्रत्येक पौंड ३६ मिनिटं पायांनी वाहायचा असतो.

मी: शरीरशास्त्राशी माझं भांडण नाही, उलट तुम्ही त्याचं म्हणणं फार लवकर आटोपलंत. तीन मिनिटांच्या १२ फेऱ्या आणि मधली एकेक मिनिटाची विश्रांती, एवढ्यात स्नायूंना प्राणवायू पुरवायचं काम हृदय आणि फुप्फुसं करतात. काही महिन्यांत मांस किंवा चरबी वाढवता येते, तेवढ्या मापाने छातीचा भाता वाढत नाही. जड शरीरात वजनाच्या मानाने त्वचा कमी, म्हणून उष्णता आत कोंडते. ठोसा मनगटात जन्मत नाही, तळपायातून निघून मांडी, कंबर, खांदा असा वर येतो. पाय थकले की हात चालू दिसतात, पण त्यांत जोर नसतो. हे सगळं खरं. पण याच खात्याची दुसरी बाजू आहे. हेवीवेट लढतीचा मोठा भाग मिठीत जातो. तिथे जड माणूस समोरच्याच्या मानेवर आपला भार टाकून ठेवतो, आणि मग ते पौंड वाहायचं काम त्याचं राहत नाही, दुसऱ्याचं होतं. म्हणजे तेच वजन मागे हटणाऱ्याला ओझं आहे आणि रेलणाऱ्याला हत्यार. लेनॉक्सचं म्हणाल, तर अडीचशे पौंडांच्या माणसाला सात पौंड म्हणजे तीन टक्केही नाहीत. एवढ्याने माणूस पाचव्या फेरीत आडवा होण्याऐवजी चौथीत आडवा करणारा बनत नाही. ब्रॅकपन जोहान्सबर्गजवळ, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर आहे. तिथली हवा विरळ. रहमान बराच आधी जाऊन त्या हवेला सरावला. लेनॉक्स त्या दिवसांत ‘ओशन्स इलेव्हन’ या सिनेमाच्या चित्रीकरणात होता आणि उशिरा पोचला. पाचव्या फेरीपर्यंत त्याचं तोंड उघडं पडलेलं दिसत होतं. सात पौंड हे त्या निष्काळजीपणाचं लक्षण होतं, कारण नव्हतं. ताप उतरला म्हणून कुणी थर्मामीटरचे आभार मानत नाही.

तुमच्या काट्यापुढे मी तीन जोड्या ठेवतो. पहिली जोडी जो लुई आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग. जून १९३६ मध्ये लुई १९८ पौंड, श्मेलिंग १९२; बाराव्या फेरीत लुई नॉकआउट. २२ जून १९३८ ला लुई १९८¾, श्मेलिंग १९३. पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत, श्मेलिंगचा खेळ खलास. दोघांमधलं अंतर सहा पौंडांवरून पावणेसहावर आलं होतं. दुसरी जोडी रिडिक बो आणि इव्हँडर होलिफिल्ड. नोव्हेंबर १९९२ ला रिडिक २३५, होलिफिल्ड २०५, विजेता रिडिक. वर्षभराने रिडिक २४६, होलिफिल्ड २१७, विजेता होलिफिल्ड. अंतर तीसचं एकोणतीस झालं. तिसरी जोडी टायसन फ्युरी आणि डिऑन्टे वाइल्डर. डिसेंबर २०१८ ला फ्युरी २५६½, वाइल्डर २१२½, लढत बरोबरीत. २२ फेब्रुवारी २०२० ला फ्युरी २७३, वाइल्डर २३१, आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये आला. अंतर चव्वेचाळीसचं बेचाळीस. तिन्ही वेळा तुमचा काटा जवळजवळ तेच बोलला आणि तिन्ही वेळा निकाल दुसरा लागला. कुठल्याही प्रयोगशाळेत एवढ्यावर आपण म्हणू की, निकाल बदलणारी गोष्ट काट्याच्या पलीकडे आहे.

मागच्या दोन जोड्यांत आणखी एक मौज आहे. दोन्हीकडे दोघंही जवळजवळ सारखेच वाढले. होलिफिल्ड बारा पौंड, रिडिक अकरा. फ्युरी साडेसोळा, वाइल्डर साडेअठरा. पण होलिफिल्डने पहिल्या लढतीत आपल्याहून मोठ्या माणसाशी छातीला छाती भिडवून मारामारी केली होती आणि ढकलला गेला होता. फेरलढतीला त्याने प्रशिक्षक बदलला, डेट्रॉइटच्या क्रॉन्क जिमचा इमॅन्युएल स्टीवर्ड आणला, आणि बारा पौंड अशासाठी घेतले की आत-बाहेर करताना कुणी खांद्याने लोटू नये. रिडिकचा खाण्यावर ताबा नाही, ही तेव्हाही उघड चर्चेची गोष्ट होती. फ्युरी पहिल्या लढतीत मागे सरकत खेळला, छान खेळला, तरी नवव्या आणि बाराव्या फेरीत पडला आणि जजनी बरोबरी दिली. दुसऱ्या वेळी त्याने ठरवलं की पुढे जायचं, मिठी घालायची, रेलायचं, पाडायचं. त्यासाठी त्याने स्टीवर्डचा पुतण्या शुगरहिल याला घेतलं. तिथे साडेसोळा पौंड कामाचे होते, कारण वाइल्डरच्या मानेवर पडणार होते ते. वाइल्डरने मात्र खेळण्याची रीत तीच ठेवली, फक्त शरीर जड केलं. हरल्यावर त्याने प्रवेशाच्या पोशाखाला दोष दिला. तो चाळीस पौंडांहून जड होता म्हणे आणि त्याने पाय थकले. ही सबब मला लंगडी वाटते. तरी एका अर्थी माणूस खरं बोलला, न ठरवलेलं ओझं त्याला पुरून उरलं. (जाता जाता, लेनॉक्सच्या दोन्ही लढतींत त्याच्या कोपऱ्यात हाच इमॅन्युएल स्टीवर्ड होता. एकाच तालमीचा माणूस एकदा निरुपयोगी आणि एकदा परिणामकारक ठरतो. तेव्हा सगळं श्रेय गुरूलाही देता येत नाही.)

काटेवाले: आता तुमची चोरी पकडली. जो जिंकला त्याचं वजन ‘ठरवलेलं’, जो हरला त्याचं ‘साचलेलं’. निकाल लागल्यावर लेबल चिकटवायचं, याला शहाणपण म्हणत नाहीत. निदान माझा काटा आदल्या दिवशी बोलतो. तुमचा सिद्धान्त दुसऱ्या दिवशी उगवतो.

मी: हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो मी झटकणार नाही. पण जरा मागे जाऊन पाहा. फ्युरी जड होऊन येणार, नॉकआउटसाठी येणार, हे त्याने लढतीआधी जाहीर सांगितलं होतं, प्रशिक्षक बदलणंही जाहीर होतं. तेव्हा जाणकारांतल्या अनेकांना ती थाप वाटली होती, आणि ज्यांनी २७३ आकडा पाहून त्याला सुस्त ठरवलं ते काटेवालेच होते. होलिफिल्डने स्टीवर्डला आणलं ते लढतीआधी. रुईझच्या आकड्याने आदल्या दिवशी सगळे दचकले, कारण तो वाढवण्यामागचा हेतू कुणालाच, बहुधा त्यालाही, सांगता आला नसता. म्हणजे पुरावा आदल्या दिवशी उपलब्ध असतो. फक्त तो काट्यावर सापडत नाही, मधल्या महिन्यांत सापडतो: खेळण्याची रीत बदलली का, कोपरा बदलला का, आणि वजनाचा बदल त्या नव्या रीतीला धरून आहे का. काट्याच्या बोलण्याचंही फार कौतुक नको. १८ मे २०२४ च्या रियाधमधल्या फ्युरीविरुद्धच्या लढतीआधी ओलेक्सांद्र उसिकचं वजन २३३½ पौंड जाहीर झालं आणि उसिकने अंग भरलं म्हणून तर्कांचे मनोरे उभे राहिले. आकडा ऐकण्यात-सांगण्यात दहा पौंडांनी चुकला होता, खरं वजन २२३½ निघालं. मनोरे बांधणाऱ्यांनी ते मुकाट्याने उतरवले.

त्याच जोडीत माझाही सिद्धान्त अडखळतो, तेही सांगतो. फ्युरी मे महिन्यात २६२ पौंडांवर होता आणि थोडक्यात, दोन विरुद्ध एक जजने, हरला. डिसेंबरच्या फेरलढतीला तो २८१ वर आला. कपड्यांसकट काट्यावर उभा राहिला होता, तेव्हा त्यातले काही पौंड कपड्यांचे धरा. तरी आकाराचा दाब टाकायचा हा विचार त्यामागे दिसत होता. म्हणजे माझ्या भाषेत ठरवलेलं वजन. उसिक २२६. तिन्ही जजनी उसिकला ११६-११२ दिले, मेपेक्षा स्पष्ट. माझं उत्तर असं की मे महिन्यात फ्युरीचं दुखणं आकार कमी पडण्याचं नव्हतंच. तेव्हाही तो अडतीस पौंडांनी मोठा होता. नवव्या फेरीत उसिकच्या डाव्या हाताने त्याला दोरांवर भेलकांडायला लावलं, रेफरीला मोजावं लागलं, कारण तो हात त्याला वेळेवर दिसला नाही. नजर आणि वेग कमी पडलेल्या माणसाने एकोणीस पौंड आणले. उत्तर ठरवून आणलं, पण ते न विचारलेल्या प्रश्नाचं होतं. हे मी निकालानंतर म्हणतोय, हे मान्य. ठरवणं म्हणजे बरोबर ठरवणं नव्हे, एवढी पुरवणी मला सिद्धान्ताला जोडावी लागते.

काटेवाले: मग वजन सोडाच. सरळ म्हणा ना, सगळा खेळ दमाचा आहे. मुहम्मद अलीने फेब्रुवारी १९७८ ला २२४ पौंडांवर लिऑन स्पिंक्सकडून मार खाल्ला आणि सप्टेंबरला २२१ वर त्याला हरवलं. तीन पौंडांत काय होतं? मेहनत केली, दमसास कमावला, जिंकला. तालमीत आपल्याकडे हेच सांगत आले आहेत.

मी: आता तुम्ही काट्यावरून उतरून थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात. अलीचं उदाहरण मात्र मोलाचं आहे. छत्तीस वर्षांचा अली पहिल्या वेळी दोरांवर टेकून फेऱ्या फुकट घालवत राहिला, फक्त सात लढतींचा अनुभव असलेल्या पोराला आपण गुंडाळू या भरवशावर. न्यू ऑर्लिन्सच्या फेरलढतीत तो पंधरा फेऱ्या जॅब टाकून मिठी मारत राहिला. बघायला रुक्ष, पण बहुतेक फेऱ्या खिशात. ती रीत पंधरा फेऱ्या निभावायला दम लागतो आणि तो त्याने कमावला होता, हे खरं. तिकडे स्पिंक्सच्या कोपऱ्यात इतका गोंधळ होता की प्रशिक्षक जॉर्ज बेन्टन लढत चालू असतानाच उठून गेला. पण दम ही एकटी टांगलेली वस्तू नसते. किती दम लागेल हे रीत ठरवते, आणि तो किती वजनावर पुरेल हे शरीर ठरवतं. ऑक्टोबर २०२१ च्या तिसऱ्या लढतीत वाइल्डर २३८ पौंडांवर आला, या वेळी नव्या प्रशिक्षकासह, आणि चौथ्या फेरीत त्याने २७७ पौंडांच्या फ्युरीला दोनदा पाडलं. ते वजन चार फेऱ्यांच्या कामाला योग्य होतं. लढत अकराव्या फेरीपर्यंत गेली, त्याच्या अर्ध्या वाटेवरच वाइल्डरचे पाय गळाले, आणि शेवटी तोच नॉकआउट झाला. फ्युरी दोनदा पडूनही उरला, कारण त्याचा जडपणा आणि त्याची रेलण्याची रीत एकमेकांना पूरक होती.

उलटं उदाहरण उसिकचंच. जोशुआशी पहिल्या लढतीत २२१¼ पौंड, दुसरीत २२१½. काटा मुका. जोशुआने मात्र २४० चे २४४½ केले, प्रशिक्षक बदलला, मागे सरकणं सोडून अंगावर ठोसे टाकत पुढे आला. ठरवलेलं वजन, आणि बरोबर ठरवलेलं. पहिल्यापेक्षा ही लढत अटीतटीची झाली, नवव्या फेरीत उसिक हादरला. दहाव्या फेरीत उसिक असा काही परतला की जोशुआचे हात खाली आले. जेद्दाहमध्ये ऑगस्ट २०२२ ला निकाल दोन विरुद्ध एकने उसिककडे गेला. इथे दमानेच लढत तोडली, तुम्ही बरोबर आहात. पण उसिकने वजन जिथल्या तिथे ठेवलं, हाही निर्णयच होता. क्रूझरवेट या खालच्या गटातून आलेल्या माणसाला हेवीवेटमध्ये अंग फुगवायचा मोह किती असेल, याचा विचार करा. दमाच्या हिशेबात जितकं मावतं तितकंच वजन त्याने ठेवलं. वजन न वाढवणं हे कधीकधी सर्वांत विचारपूर्वक ठरवलेलं वजन असतं, आणि काट्यावर त्याची नोंद शून्य बदल अशी होते.

काटेवाले: म्हणजे काटा टाकून द्यायचा?

मी: मुळीच नाही. काटा हवा, फक्त त्याला न्यायाधीश करू नका, साक्षीदार करा. आणि त्याची उलटतपासणी घ्या. सोळा पौंड वाढले तर विचारा, कुठल्या ठोशासाठी? दहा घटले तर विचारा, कुठल्या पावलासाठी? उत्तर मिळालं नाही तर ते पौंड पार्टीचे समजा. रुईझच्या बाबतीत ही तपासणी आदल्या दिवशी पाच मिनिटांत संपली असती. त्यानंतर तो थेट १ मे २०२१ ला कॅलिफोर्नियात ख्रिस अरिओलाविरुद्ध रिंगमध्ये उतरला. नवा प्रशिक्षक, वजन २५६ पौंड, जोशुआकडून हरला त्या रात्रीपेक्षा जवळजवळ अठ्ठावीसने कमी. दुसऱ्या फेरीत अरिओलाने त्याला पाडलं. तो उठला, १२ फेऱ्या खेळला आणि गुणांवर जिंकला.